फोटो रामटेकचा, विषाणू आफ्रिकेतला: नागपुरातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातील एका महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने, भित्तिपत्रकांचे प्रदर्शन भरवतो. एम.एस्सी.चे विद्यार्थी विषय वाटून घेतात. लागण कशी होते, कशी होत नाही, तपासणी कुठे करायची, औषधे किती दिवस घ्यायची असे ते नेहमीचे विषय. त्या वर्षी एका विद्यार्थिनीने नेहमीच्या चाकोरीबाहेरचा विषय मागून घेतला: हा विषाणू आला कुठून?

तिने वाचन चांगले केले होते. आग्नेय कॅमेरूनमधले चिंपांझी, त्यांची शिकार, मांस कापताना जखमेतून झालेला रक्ताचा संपर्क, तिथून कांगोतले किन्शासा शहर हे सगळे भित्तिपत्रकावर होते आणि बरोबर होते. चिंपांझीचा वापरता येण्याजोगा फोटो मात्र मिळेना. तेव्हा तिने रामटेकच्या गडावर स्वतः काढलेला एक फोटो लावला. पायरीवर बसलेले काळ्या तोंडाचे वानर, मागे उतरते ऊन. फोटो खरोखर सुंदर होता. त्याच्या शेजारी एक जाड लाल बाण, बाणाच्या टोकाला माणसाची आकृती आणि वर मथळा: 'माकडापासून माणसापर्यंत'.

प्रदर्शनाला आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांची मुले येतात. मजकूर कोण वाचतो? मुलांनी फोटो पाहिला, बाण पाहिला, काहींनी मोबाइलवर टिपून घेतला.

या प्रकरणातल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम बदललेला नाही. भित्तिपत्रकाचा नवा मजकूर तपासायला विभागाने मला बोलावले, तेव्हा हा घटनाक्रम माझ्यापर्यंत पोचला.

काय घडले

रामटेक तालुक्यातले एक चाळिशीचे गृहस्थ नारळ-प्रसादाचे दुकान लावतात. प्रदर्शनानंतर काही दिवसांनी एका वानराने पिशवी ओढली, यांनी ती सोडली नाही, आणि तळहातावर दात रुतले. रक्त आले. जवळच्या सरकारी दवाखान्यात जखम धुऊन रेबीजची पहिली लस दिली गेली. जखम खोल असल्यामुळे जखमेत भरायचे सीरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, लागणार होते. ते तिथे शिल्लक नव्हते. 'नागपूरला जा आणि आजच जा' असे सांगितले गेले.

घरी आल्यावर भाच्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. बाणासकट.

गृहस्थ दुसऱ्या दिवशी नागपूरला गेले खरे, पण सीरमसाठी नाही. एका खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून एचआयव्हीची तपासणी करून आले. अहवाल निगेटिव्ह आला. तिथल्या माणसाने सगळ्यांना सांगतो तेच यांनाही सांगितले: तीन महिन्यांनी पुन्हा करा. या एका वाक्याने घरातली भीती पक्की झाली. ताट-वाटी वेगळी झाली, अंथरूण ओसरीवर गेले. तिसऱ्या दिवशीची रेबीजची लस राहून गेली, कारण मोठ्या रोगापुढे कुत्र्या-माकडाच्या इंजेक्शनाचे काय एवढे, असा घरचा हिशोब होता.

चावल्यापासून सहाव्या दिवशी मेहुणा त्यांना नागपुरातल्या एका आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, घेऊन आला. समुपदेशक मॅडमना त्यांनी सांगितले, "मॅडम, सुया टोचून काय फायदा हो? हा रोग तं वानरापासूनच आला म्हन्तेत. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पन तीन महिन्यानं पुन्हा या म्हने. म्हंजे काहीतरी असनच ना?"

पहिला निर्णय: आज काय करायचे

समुपदेशकापुढे तीन वाटा होत्या. पहिली, पुन्हा एचआयव्ही तपासणी करून माणसाचे समाधान करायचे. दुसरी मेहुण्याने सुचवली. तो एका औषधाच्या दुकानात काम करतो, त्यामुळे त्याला ठाऊक होते की संसर्गाचा धोका झाल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या असतात. 'आता उशीर झाला असला तरी देऊन टाका, मनाची शांती तरी,' असा त्याचा आग्रह. तिसरी वाट म्हणजे एचआयव्हीचा विषय पूर्ण बाजूला ठेवून आधी रेबीज पाहायचे.

मॅडमनी तिसरी धरली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. रेबीजचे सीरम लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच द्यायचे असते. त्यानंतर लसीने शरीरातच प्रतिपिंडे तयार होऊ लागलेली असतात आणि सीरमचा उपयोग उरत नाही. सहावा दिवस चालू होता. एचआयव्हीची समजूत उद्या घालता आली असती. सीरमची वेळ उद्या संपत होती. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

अडचण अशी की भीती एका रोगाची आणि उपाय दुसऱ्याचा. 'तुम्हाला एड्स होणार नाही' एवढे ठामपणे सांगितल्याशिवाय गृहस्थ खुर्चीतून उठायला तयार नव्हते. मॅडमनी लांबण लावली नाही. "काका, आपल्याकडच्या वानरात तो विषाणू नाहीच. जो नाही, तो चावल्यानं येणार कुठून? रेबीज मात्र असू शकतो. आधी तिकडं जाऊ, मग मी तुमच्याशी पाहिजे तेवढा वेळ बोलते." त्या स्वतः सोबत गेल्या. सीरम जखमेत भरले गेले, राहिलेला डोस त्याच दिवशी दिला गेला आणि पुढच्या तारखा कार्डावर नव्याने लिहून दिल्या. एखादा डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, हेही तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. 'चुकलंच आहे तर आता राहू द्या' म्हणणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे सांगणे मोलाचे.

तिथल्या डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला: तोंड काळे होते की लाल? लाल तोंडाच्या माकडांत हर्पिस गटातला बी विषाणू असतो. माणसाला तो क्वचित होतो, पण झाला तर मेंदूपर्यंत जातो. काळ्या तोंडाचे वानर त्याचे नैसर्गिक यजमान नाही. म्हणजे दवाखान्याच्या टेबलावरसुद्धा नुसते 'माकड चावले' पुरत नाही, कोणते ते लागते. भित्तिपत्रकात नेमके हेच राहिले होते.

गोळ्या द्यायला मॅडमनी नकार दिला. जिथे धोकाच नाही तिथे गोळ्या दिल्या की घरच्यांचा निष्कर्ष एकच: काहीतरी होते म्हणून दिल्या. प्रयोगशाळेचा अहवालही त्यांनी उलगडून सांगितला. चावल्यानंतर दोन-तीन दिवसांत केलेली तपासणी त्या चाव्याबद्दल काहीच सांगू शकत नाही, कारण लागण झाली असती तरी एवढ्यात दिसली नसती. आणि लागण होण्याची शक्यताच नसल्यामुळे तीन महिन्यांनंतरच्या तपासणीचा या चाव्याशी संबंध उरत नाही.

दुसरा निर्णय: भित्तिपत्रकाचे काय करायचे

मॅडमनी विभागप्रमुखांना फोन केला. तक्रारीचा सूर नव्हता, पण भाच्याच्या मोबाइलमधला फोटो त्यांनी पाठवला. विभागात बैठक झाली आणि मते तीन दिशांना गेली.

एका ज्येष्ठ सरांचे म्हणणे की भित्तिपत्रक गुपचूप काढून टाकावे. एड्स दिनाला उगमाची चर्चा हवीच कशाला? लोकांना प्रतिबंध कळला की पुरे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. उगमाचा विषय निघाला की 'माकडापासून माणसात गेलाच कसा' यावर घाणेरडे तर्क सुरू होतात आणि त्याचा त्रास एचआयव्हीसह जगणाऱ्यांना होतो. समुपदेशक मॅडमचाही अनुभव तोच.

दुसरे मत की फक्त फोटो बदलावा आणि खाली एक ओळ टाकावी: 'भारतीय माकडांपासून एड्स होत नाही.' स्वस्त आणि लगेच होणारे काम.

तिसरे मत त्या विद्यार्थिनीचे. "सर, आपण काढून टाकलं तरी मुलं मोबाइलवर शोधतीलच. तिथं याहून वाईट मिळेल. आणि 'होत नाही' एवढंच लिहिलं तर कोणीतरी विचारणारच, का होत नाही? आफ्रिकेतल्या माकडात आहे, मग आपल्या माकडात का नाही?"

विभागप्रमुखांनी तिची बाजू घेतली, पण एक अट घातली. या 'का'चे उत्तर गावातल्या शाळेतल्या नववीच्या मुलाला कळेल असे लिहून दाखवा. जमले नाही तर भित्तिपत्रक निघेल. मला बोलावणे आले ते इथे.

विज्ञान तपासताना

एचआयव्हीचे नातलग असलेले विषाणू, म्हणजे एसआयव्ही, आफ्रिकेतल्या ४० हून अधिक जातींच्या माकडांत आणि एपमध्ये (चिंपांझी-गोरिलासारख्या बिनशेपटीच्या प्राण्यांत) सापडले आहेत. आशियातल्या माकडांत निसर्गात एकही नाही. आपले काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड दोन्ही यात आले.

उलट या कथेत भारतीय माकड आहे ते बळी म्हणून. अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांत आफ्रिकेतले सूटी मँगाबे आणि आशियातली मकाक माकडे (आपले लाल तोंडाचे माकड याच गटातले) एकाच छताखाली ठेवली जात. मँगाबेमधला विषाणू मकाकमध्ये गेला, आणि १९८५ मध्ये तो वेगळा काढला गेला तेव्हा ती माकडे एड्ससारख्या आजाराने मरत होती. त्यानंतर एड्सच्या संशोधनात भारतीय वंशाची लाल तोंडाची माकडे सर्वाधिक वापरली गेली. भारताने १९७८ मध्ये या माकडांची निर्यात थांबवली होती. तिथे वापरली गेली ती आधी गेलेल्यांची पिलावळ.

विद्यार्थिनीला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते इथे. विषाणू तोच, पण मँगाबेच्या रक्तात भरपूर असूनही तो सहसा आजारी पडत नाही, आणि मकाक मात्र मरतो. असे का?

याचे उत्तर एका ओळीत मावत नाही. मँगाबेमध्ये विषाणू कमजोर असतो असे नाही. रक्तातले प्रमाण आजारी माणसाइतकेच असू शकते. फरक आहे तो मँगाबेच्या शरीराच्या वागण्यात. लागण झाल्यावर त्याची प्रतिकारयंत्रणा खवळते, पण काही आठवड्यांत शांत होते. माणसात आणि मकाकमध्ये ती वर्षानुवर्षे खवळलेलीच राहते आणि आतड्याचे अस्तर झिजून परिस्थिती आणखी चिघळते. शिवाय मँगाबेच्या सीडी४ पेशींवर (हा विषाणू ज्या प्रतिकारपेशींत शिरतो त्यांवर), विशेषतः दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतिपेशींवर, सीसीआर५ हे प्रथिन कमी असते. विषाणूला आत शिरायला तेच लागते.

सीसीआर५ची गोष्ट लाल टोपीच्या मँगाबेमध्ये आणखी पुढे गेली आहे. या जातीतल्या बहुतेक माकडांत सीसीआर५च्या जनुकातले २४ अक्षरांचा तुकडाच गळून गेला आहे. प्रवेशद्वारच नाही. मग विषाणूने काय केले? तो सीसीआर२ नावाच्या शेजारच्या प्रथिनातून आत जायला शिकला. युरोपीय वंशाच्या काही माणसांत याच जनुकातली ३२ अक्षरे गळालेली असतात आणि जनुकाच्या दोन्ही प्रती अशा असलेल्यांना एचआयव्हीची लागण सहसा होत नाही, हे वाचकांना कदाचित माहीत असेल.

ही चाल आणि प्रतिचाल पेशीच्या आतही दिसते. एपोबेक३जी हे प्रथिन विषाणूच्या जनुकीय मजकुरात इतक्या चुका घालते की तो निकामी होतो. विषाणूचे व्हिफ नावाचे प्रथिन त्याला पकडून नष्ट करवते. ट्रिम५ अल्फा विषाणूचे कवच धरून त्याला पेशीत शिरताच अडवते. लाल तोंडाच्या माकडाचे ट्रिम५ अल्फा एचआयव्ही-१ला असे अडवते हे २००४ मध्ये दिसले. माणसाचे अडवत नाही. गंमत अशी की मानवी प्रथिनातले ३३२ व्या जागेचे एकच अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) बदलून माकडासारखे केले, तर तेही बऱ्यापैकी अडवू लागते. या जनुकांत प्राण्याप्राण्यांत जेवढे फरक आहेत, तेवढे सामान्य जनुकांत नसतात. एवढ्या जलद बदलाचा अर्थ असा की इथे लाखो वर्षे कोणीतरी हल्ला करत होते आणि जे वाचले त्यांचीच पिल्ले पुढे आली.

माझ्या मते नव्या मांडणीचा मुख्य मुद्दा हाच व्हायला हवा होता, आणि झाला. मँगाबे विषाणूला सहन करतो ते मैत्रीमुळे नव्हे. त्यांच्या पूर्वजांपैकी जे सहन करू शकले नाहीत, ते मेले. आजचा शांत मँगाबे हा त्या मरणांतून गाळून आलेला आहे. 'निसर्गाने जुळवून घेतले' असे गोड वाक्य पहिल्या मसुद्यात होते, ते मी कापायला लावले.

किती काळ? त्याला एक देखणा पुरावा आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे बिओको बेट समुद्राची पातळी वाढल्यामुळे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटले. बेटावरच्या माकडांतले एसआयव्ही आणि मुख्य भूमीवरचे त्यांचे नातलग यांत किती फरक पडला आहे ते मोजून २०१० मध्ये असे दाखवले गेले की हे विषाणू किमान ३२,००० वर्षे जुने आहेत. मादागास्करच्या लेमूरांच्या जनुकांत अडकून राहिलेले अशाच विषाणूंचे अवशेष तर काही दशलक्ष वर्षे मागे जातात.

चिंपांझी हा या साखळीतला नवखा. त्याचा विषाणू दोन वेगवेगळ्या माकडांच्या विषाणूंच्या मिश्रणातून तयार झाला: एक लाल टोपीच्या मँगाबेचा, दुसरा छोट्या गेनॉन माकडांचा. चिंपांझी या माकडांची शिकार करून खातात. सगळ्या चिंपांझींत तो नाही; मध्य आणि पूर्व आफ्रिकेतल्या उपजातींत आहे, पश्चिमेकडच्यांत नाही. आणि चिंपांझी आजारी पडतात. टांझानियातल्या गोम्बे इथल्या चिंपांझींच्या पाहणीत २००९ मध्ये दिसले की लागण झालेल्यांचा मृत्यूचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा १० ते १६ पट होता.

मग माणूस, सर्वांत नवखा. हे विषाणू माणसात एकदा नाही, डझनभर वेळा तरी आले आहेत. एचआयव्ही-१चे चार गट, एम, एन, ओ, पी, म्हणजे चार स्वतंत्र प्रवेश; त्यांतले ओ आणि पी गोरिलातून. एचआयव्ही-२ सूटी मँगाबेमधून, तोही अनेकदा. पण जगभर पसरला तो एकटा एम गट. एन आणि पी तर अगदी मोजक्या लोकांत सापडले. यामागचे एक कारण टेदरिन नावाच्या प्रथिनात आहे. हे प्रथिन नव्याने तयार झालेल्या विषाणूला पेशीच्या पृष्ठभागाला बांधून ठेवते. चिंपांझीतला विषाणू ते नेफ या प्रथिनाने निष्प्रभ करतो. माणसाच्या टेदरिनमध्ये नेफ जिथे पकड घेतो तिथली पाच अमिनो आम्लेच नाहीत. एम गटाने त्यासाठी व्हीपीयू हे दुसरे प्रथिन कामाला लावले. बाकीच्या गटांना हे तितके साधले नाही. किन्शासाची वाढती वस्ती, रेल्वे, न उकळलेल्या सुया ही माणसांच्या बाजूची कारणे आहेतच. एम गटाचा विस्तार तिथून १९२० च्या सुमारास सुरू झाला असे जनुकीय हिशोब सांगतो.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा आढळला १९८६ मध्ये, चेन्नईत. माणसाकडून माणसाकडे. मधल्या साखळीत एकही भारतीय माकड नाही.

एका तरुण प्राध्यापकांनी वेळीच हटकले म्हणून एक घोडचूक टळली. मसुद्यात 'भारतीय माकडांत असे विषाणू नसतात' असे लिहिले होते. हे चूक ठरले असते. आशियातल्या माकडांत इतर रेट्रोव्हायरस, म्हणजे एचआयव्हीच्याच मोठ्या कुळातले विषाणू, असतात. फोमी विषाणू आहे. टाइप डी गटातला विषाणू मकाकमध्ये प्रतिकारशक्ती खचवू शकतो, आणि त्याच गटातला एक भारतीय वानरातही सापडला आहे. यांपैकी कशानेही माणसाला एड्स होत नाही. पण वाक्य 'एसआयव्ही नसतो' असेच हवे, 'विषाणू नसतात' असे नव्हे. नाहीतर पुढे कोणी तसा शोधनिबंध मोबाइलवर काढून दाखवला असता आणि आमचे सगळे म्हणणेच खोटे ठरले असते.

नवीन मांडणी

एका भित्तिपत्रकाची चार झाली. पहिल्यावर आफ्रिका आणि भारताचा नकाशा, प्रत्येक प्राण्याचे त्याच्या त्याच्या प्रदेशात चित्र. ही चित्रे विद्यार्थ्यांनी हाताने काढली, कारण फोटोचा मोह पुन्हा नको होता. दुसऱ्यावर मँगाबे, चिंपांझी, मकाक आणि माणूस. प्रत्येकाखाली दोनच ओळी: विषाणूशी ओळख किती जुनी, आणि लागण झाली तर काय होते. चौथ्यावर ठळक अक्षरांत: माकड-वानर चावले तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुवा, लगेच रेबीजची लस, खोल जखमेला सीरम, एचआयव्ही तपासणीची गरज नाही.

तिसऱ्यावर 'जे वाचले त्यांचीच पिल्ले पुढे येतात' हे दाखवायला उदाहरण हवे होते, आणि ते विदर्भात शोधावे लागत नाही. बीटी कापूस आला २००२ मध्ये. दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले २००६ मध्ये. आणि २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. पोरांच्या घरी याचे नुकसान सोसलेले असते. झाडात विष आले, बहुतेक अळ्या मेल्या, ज्या थोड्या वाचल्या त्यांचीच पैदास वाढली. विषाणू आणि माकड यांच्यात हेच दोन्ही बाजूंनी चालते, फक्त तिथे बियाणे कंपनी नसते.

उगमाची पत्रके प्रतिबंधाच्या पत्रकांपासून वेगळ्या भिंतीवर लावायची असेही ठरले. ज्येष्ठ सरांची शंका अशी मान्य झाली: आज काय करायचे हे पाहायला आलेल्या माणसाच्या वाटेत इतिहास येऊ नये.

निष्पत्ती

गृहस्थांचे लसीचे सगळे डोस पूर्ण झाले आणि ते ठीक आहेत. घरची समजूत घालायला मात्र वेळ लागला. समुपदेशक मॅडमनी गृहस्थांची पत्नी आणि आई दोघींना वेगवेगळे बोलावले, कारण सुनेसमोर सासू प्रश्न विचारणार नव्हती. ताटाचा प्रश्नही तिथेच निघाला. मॅडमनी सांगितले की एचआयव्ही असलेल्या माणसाचेही ताट वेगळे करायची गरज नसते, मग यांचे कशाला? अंथरूण ओसरीवरून आत आले, पण भाच्याच्या घरच्यांशी बोलणे काही काळ बंदच होते.

नवी पत्रके विभागाने शाळांना पाठवली आणि एका शनिवारी विद्यार्थिनी स्वतः त्या गावच्या शाळेत जाऊन बोलली. मुलांचे प्रश्न धारदार होते. एकाने विचारले, मँगाबे जुळवून घेऊ शकला तर माणूस का नाही? तिने उत्तर दिले की घेईलही, पण त्यासाठी लागणारी हजारो वर्षे आणि तेवढी मरणे कोणाला हवीत. आपल्याकडे गोळ्या आहेत, त्या रोज घेतल्या तर माणूस पूर्ण आयुष्य जगतो, आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला की तो लैंगिक संबंधातून दुसऱ्याकडे जात नाही.

काय वेगळे करता आले असते

भित्तिपत्रके लावण्याआधी विषयाचे शिक्षक मजकूर तपासत होते, चित्र कोणी तपासत नव्हते. आता विभागात अशी पद्धत आहे की शेजारच्या विभागातल्या एखाद्याला ते पत्रक काही सेकंदच दाखवायचे आणि 'काय कळले' ते विचारायचे. हे आधी केले असते तर बाणाचा घोटाळा पहिल्याच माणसाने सांगितला असता.

पहिल्या दवाखान्यात 'नागपूरला जा' एवढेच सांगितले गेले. कुठे, कोणत्या खिडकीवर, कोणत्या दिवसाच्या आत, हे कागदावर लिहून दिले असते आणि संध्याकाळी एक फोन झाला असता, तर भाच्याच्या फोटोला एवढी जागाच मिळाली नसती. माझ्या मते भित्तिपत्रकापेक्षा हे कारण मोठे होते, जरी चर्चा भित्तिपत्रकाचीच जास्त झाली.

प्रयोगशाळेने तपासणीआधी 'कशासाठी करताय' एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात तपासणीआधी माहितीपूर्ण संमती अपेक्षित आहे. ती घेताना हा प्रश्न आपोआप आला असता आणि 'वानर चावले' हे उत्तर ऐकून कोणीही त्यांना रेबीजच्या खिडकीकडे पाठवले असते.

समुपदेशक मॅडमच्या निर्णयातही एका ठिकाणी मला दुसरी वाट दिसते. घाईत त्यांनी 'आपल्याकडच्या वानरात तो विषाणू नाहीच' एवढेच सांगितले, आणि त्या क्षणी तेच योग्य होते. पण मेहुणा सोबत होता, औषधांतले थोडे जाणणारा होता, आणि गावात पुढे त्याचाच शब्द चालणार होता. सीरम देत असताना बाहेर बाकावर बसलेल्या त्याला मँगाबे आणि मकाकची गोष्ट सांगितली असती, तर आई आणि पत्नीला नंतर वेगळे बोलावण्याची वेळ कदाचित आली नसती. मॅडमना हे पटलेले नाही. त्यांचे म्हणणे की रुग्णाच्या संमतीशिवाय नातेवाइकाशी एचआयव्हीचा विषय काढायचाच नसतो, मग तो वानराचा का असेना.

जुना फोटो व्हॉट्सअॅपवर अजून फिरतो. विभागाने नव्या पत्रकांच्या कोपऱ्यात तारीख आणि आवृत्ती छापली आहे आणि शाळांना कळवले आहे की ज्यावर तारीख नाही ते आमचे सध्याचे पत्रक नव्हे. पुढच्या वर्षी बोंडअळीचे पत्रक तिसऱ्याऐवजी पहिले लावायचे ठरले आहे, कारण मुले सर्वांत जास्त वेळ त्याच्यासमोर उभी राहिली.